चौथं प्रकरण टाइप करणाऱ्या आशाबाई

विद्यापीठाच्या गेटकडून बेगमपुऱ्यात शिरलं की फारूखभाईंचं टायपिंगचं दुकान लागतं. तिथं आशाबाई गेली अकरा वर्षं लोकांचे प्रबंध टाइप करतात. दहावी होताच लग्न झालेल्या या बाईंनी आजवर किती जणांना डॉक्टर केलं, याची नोंद कुठंच नाही. त्यातला एक मी. माझा विषय होता नागरी हक्क आणि स्त्री-पुरुष समता. विषय सांगितला की लोक आदरानं मान डोलवायचे, आणि मला ते आवडायचं.

सुरुवातीला आशाबाई नुसती अक्षरं बघून टाइप करायच्या. माझ्या प्रबंधापासून मात्र त्यांनी एक सवय लावून घेतली. अडलेला शब्द वहीत उतरवायचा, मी आलो की अर्थ विचारायचा आणि पुढं स्वतःचं वाक्य लिहायचं. 'दुय्यम' या शब्दापुढं त्यांनी लिहिलं होतं, "सगळ्यांची जेवणं झाल्यावर माझं ताट." 'गृहीत धरणे' याच्यापुढं, "पाहुणे जेवायला थांबणार हे मला भाजी संपल्यावर कळणं." मला हसू आलं. ही वाक्यं मी माझ्या मार्गदर्शकांना चहा पिताना ऐकवली, त्यांनाही हसू आलं. माझी वीस पानं त्या बाईंच्या दोन ओळींत मावत होती, पण हे कबूल करायला दोघांचीही जीभ रेटली नाही.

चौथं प्रकरण मुलींच्या वारसाहक्काचं होतं. वडिलांच्या जमिनीत मुलीचाही मुलाइतकाच वाटा असताना भावाच्या एका शब्दावर ती हक्कसोडपत्रावर सही का करते, हे मी त्यात पोटतिडकीनं मांडलं होतं. मार्गदर्शकांनी ते दोनदा परत पाठवलं, म्हणून आशाबाईंनी ते तीनदा टाइप केलं.

प्रबंध जमा करायला पाच दिवस उरले होते. आशाबाईंनी कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"सर, एक विचारू का? आमचे वडील वारले गेल्या साली. भाऊ म्हनतो, मंगळवारी तालुक्याला, कन्नडला ये अन् हक्कसोडावर सही करून जा. काय करू मी?"

उत्तर मला पाठ होतं. पण संदर्भसूची टाइप व्हायची होती. आशाबाई भावाशी भांडत बसल्या, तलाठी आणि वकिलाकडं खेटे घालू लागल्या, तर माझं काम कोण करणार? दुसरं कारण याहून वाईट. तीन वर्षांपूर्वी मी माझ्या अक्काकडून अशीच सही घेतली होती. "करू नका" म्हणालो असतो, तर आशाबाईंनी माझ्या घरचं विचारलं असतं.

"करून टाका," मी म्हणालो. "माहेर तुटायला नको. आमच्या अक्कानं तर हसत केली. आणि संध्याकाळच्या गाडीनं परत या, संदर्भसूची राहिलीय."

त्यांनी हात पुन्हा कीबोर्डवर ठेवले. मग "बरं" म्हणाल्या. मंगळवारी सकाळच्या एसटीनं गेल्या, सही केली आणि दिवेलागणीला परत येऊन थेट मशीनवर बसल्या. मी शेजारी बसून स्वल्पविरामाच्या चुका दाखवत होतो. कसं झालं, एवढंसुद्धा मी विचारलं नाही.

माझ्या मौखिक परीक्षेला त्यांना मीच बोलावलं. ठेवणीतली साडी नेसून त्या शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "कायदा बाजूनं असूनही या मुली सही का करतात?" मी ठासून सांगितलं, "कारण त्यांना आपले हक्क माहीतच नसतात." परीक्षक खूश झाले. बोलता बोलता माझी नजर शेवटच्या रांगेकडं गेली. आशाबाई खाली बघत होत्या. पेढे वाटायला घेतले तोवर त्या निघून गेल्या होत्या. सगळे अभिनंदन करत होते आणि मी शेवटच्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीकडं बघत होतो. स्वतःची इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

आठ दिवस मी बेगमपुऱ्याचा रस्ता टाळला. मग एका दुपारी दुकानात गेलो. फारूखभाई नमाजला गेले होते, आशाबाई एकट्याच होत्या. मी उभ्या उभ्याच बोलून टाकलं.

"आशाबाई, माझं चुकलं. तुम्हाला माहीत नव्हतं, आणि मी..."

"माहीत व्हतं की सर," त्या शांतपणे म्हणाल्या. "तीन खेपा टाइप केलं व्हतं मी. त्या दिशी अर्थ नव्हता विचारला तुमाला."

"मग?"

"तिथं समदे भावाच्या बाजूचे. मनात म्हनलं, सर संगं आले कन्नडला, तर नाय करायची सही. एकटीला नाय जमलं."

मी घाईघाईनं म्हणालो की वकील गाठू, अजून काही मार्ग निघेल, मी येतो सोबत. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"माझं मी बघन. तुमच्या अक्काच्या संगं कोन व्हतं त्या दिवशी?"

अक्काच्या सोबत मीच होतो. सही कुठं करायची, ते बोट ठेवून मीच दाखवलं होतं. ती हसली होती की नाही, हेही मला आठवत नाही, कारण मी तिच्या तोंडाकडं बघितलंच नव्हतं.

आशाबाई पुढच्या प्रबंधाकडं वळल्या. मी घरी आलो. दारावर आता 'डॉ.' लावलेली माझ्या नावाची पाटी आहे. अक्काची तीन एकर जमीन अजून माझ्याच नावावर आहे.