आधी शेतात कोण उतरणार

हातखंब्याच्या नाक्यावर गाडीची वाट पाहताना बाबा म्हणाले, "लोकांची पोरं दुबैला जातात एसीत बसायला. आमचा चाललाय दुसऱ्यांनी पुरलेलं उकरायला!" आईने डब्याच्या फडक्याला आणखी एक गाठ मारली.

तुम्ही गावाकडची मंडळी फोनवर विचारता, तिकडं नक्की करतोस काय? भूसुरुंग काढतो. देशाचं नाव लिहीत नाही. इथे दोन्ही बाजूंच्या सैन्यांनी भातखाचरांत, पाणवठ्याच्या वाटेवर, शाळेमागे सुरुंग पुरले, मग तह केला आणि आपापल्या लोकांना पदकं वाटली. तह झाल्याचं सुरुंगांना मात्र कोणी कळवलं नाही.

सुरुंग बूटपॉलिशच्या डबीएवढा. तो बहुतेकदा जीव घेत नाही, पाऊल नेतो. तसा तो मुद्दामच बनवलाय: मेलेल्याला मागे टाकून पुढे जाता येतं, जखमीला उचलायला चार जण अडकतात. हा हिशेब मांडणारा शिकलेला माणूस संध्याकाळी घरी जाऊन पोरांना मांडीवर घेत असेल.

एका विधवेचं खाचर आम्ही गुडघ्यांवर रांगत, वीत-वीत तपासून साफ केलं. तिचा उजवा पाय तिथेच गेला होता. जमीन परत द्यायला मंत्री आले. बांधापर्यंत गालिचा, बँड, भाषण. कागद देऊन स्वारी गालिच्यावरूनच परतली.

लावणीचे दिवस सरत होते, तरी बाई शेतात उतरेना. तिच्या भाषेत मोडकंतोडकं विचारलं, तर म्हणाली, "साहेबाला दोन पाय, तरी तो उतरला नाही. माझा एकच उरलाय, बाबा. आधी तू चाल."

आपल्याकडे लावणीला कोणी पायताण घालून खाचरात उतरतं का? सवयीने मी बूट काढले. मागून टीम लीडर ओरडला, "बूट घाल, मूर्खा!" तोवर मी चिखलात होतो. पलीकडच्या बांधावरून वळून पाहिलं, तर ती कुबडी रोवत माझ्याच पावलांच्या खुणांवरून येत होती. मध्येच ती खुणा सोडून बाजूला वळली आणि रोपांची जुडी मागू लागली.

परवा आईचा फोन आला. काकांनी बांध वीतभर सरकवला म्हणून बाबा कोर्टात तारखेला गेलेत. "ये नि समजव त्यांना," ती म्हणाली. घर म्हटलं की आता एवढंच डोळ्यांसमोर येतं: जमिनीसाठी भांडून आलेला आमचा म्हातारा तिन्हीसांजेला त्याच बांधावरून, खाली न बघता, चालत येतो.