बर्फातली शेगडी

माझी मेलेली सासू ट्रेलरच्या काचेवर टकटक करत होती. "काच उघड गो, माजी पोरं हायत आत," असं ती बाहेरून ओरडत होती आणि माझा हात उचलला जात नव्हता. काश्मीरच्या घाटात भरदुपारी बर्फाने रस्ता बंद होता. कळंबोलीहून लोखंड भरून निघालेला आमचा ट्रेलर सकाळपासून तिथेच उभा होता. नवरा आणि दीर आळीपाळीने चालवायचे. मी बर्फ बघायचा हट्ट धरून सोबत गेले होते. आम्ही पनवेलची माणसं, आम्हाला थंडी कुठली ठाऊक? चहाची कोळशाची शेगडी मीच केबिनमध्ये घेतली आणि काचा घट्ट लावल्या. "वयनी, आता घरच्यावानी वाटतं," म्हणत दीर हसत झोपला. नवरा आधीच घोरत होता. बाहेर सगळं पांढरं, आणि आवाज फक्त त्या टकटकीचा. जिवंतपणी छळलं ते पुरलं नाही का, असं तिला सुनावायचं म्हणून मी कशीबशी काच खाली केली. बाहेर कोणी नव्हतं. ताज्या बर्फावर पाऊलही उमटलेलं नव्हतं. गार वारा आत आला तसा नवरा ओकायला लागला. दिराचे गाल लालबुंद झाले होते. हलवलं तरी ओठांवरचं हसू तसंच. कोळशाचा विषारी वायू कोंडला होता, असं डॉक्टर नंतर म्हणाले. अजूनही आमच्या इथे रोडपालीत कणीसवाल्याच्या कोळशाचा वास आला की मी रस्ता बदलते. मी आणि नवरा वाचलो. दीर वाचला नाही.