वाफ्यातली चघळ

उन्हानं माती तापू नये म्हणून मी बायकोच्या परसबागेतल्या वाफ्यांवर चघळ पसरली. चघळ म्हणजे म्हशीनं खाऊन मागं टाकलेली कडब्याची धाटं. जनावराला चालतं ते झाडाला काय करणार, एवढाच विचार केला. पाणी कमी लागायला लागलं तेव्हा चारचौघांत मिरवलोही.

मग टोमॅटोचे शेंडे पिळले, पानं आत वळली. थोरले भाऊ बघून म्हणाले, चुरडामुरडा रोग आहे, पंप आणून फवारतो.

मला वेगळीच शंका होती. हा कडबा ज्या ज्वारीचा, तिच्यात खुरपायला बाया मिळाल्या नाहीत, तेव्हा रुंद पानाचं तण मारणारं औषध मीच फवारलं होतं. टोमॅटोचं पानही रुंदच. शेतात काय मारायचं ते मारा, घरच्या भाजीला ते लागू देऊ नका, एवढंच बायकोनं मागितलं होतं.

भाऊंना थांबवलं. दोन डब्यांत परसातलीच, पण न झाकलेली माती भरून घेवडा लावला. एकात चघळ कुस्करून मिसळली. त्या डब्यातला घेवडा वाकडा आला, दुसऱ्यातला सरळ. मी बायकोला सगळं सांगितलं आणि वाफे मोकळे करायला बसलो.

भाऊ म्हणाले, उकिरड्यात टाक, खत होईल.

"न्हाय अण्णा. ते खत फिरून हितंच येणार."

"लई शाना झालास. आता म्हशीला बी इचारून वैरण टाक."

बायको हसली नाही. पिळलेली रोपं उपटता उपटता तिनं विचारलं, "व्हय, मग म्हैस काय खातीय?"

चघळ मी जिथं काही पिकत नाही त्या मुरमाड कडेला नेऊन टाकली. वाफ्यांवर आता दारातल्या लिंबाचा वाळला पाला आहे. यंदाच्या ज्वारीत औषधाचा थेंब पडलेला नाही. आम्ही दोघं खुरपतो. रस्त्यानं जाणारे थांबून विचारतात, पंप मोडला का. मी लपवत नाही. बायकोचे वाफे मी नासवले, म्हणून खुरपतोय, असं सांगतो. भाऊ म्हणतात, निम्मी ज्वारी तणात जाईल.

जाऊ दे. उरलेल्या निम्म्या ज्वारीचा कडबा म्हशीपुढं टाकताना मला मान खाली घालावी लागणार नाही.