सरपणाची मोळी

कथा टेबलावर ठेवण्याआधी मुकादम तो कागद नाकाशी नेत, हुंगत आणि म्हणत, "वास येतोय का बघा की, मास्तर. येत नसंल तर परत लिवतो."

एकोणीसशे पन्नासनंतरची पहिली काही वर्षे. कोल्हापुरात मी शाळामास्तर होतो आणि आम्हा चौघा मित्रांच्या दिवाळी अंकाचा संपादक. ते नगरपालिकेत सफाईचे मुकादम. टोपलीच्या संडासांचे दिवस होते ते. घरांमागच्या बोळांतून डोक्यावर मैला वाहणाऱ्या बायांची हजेरी ते घेत. वयाने माझ्यापेक्षा वडील, तरी मी त्यांना 'अरे मुकादम' म्हणत असे. आता 'ते' लिहितो आहे, पण त्याने काय होणार?

खुर्ची दाखवली तर म्हणत, "ऱ्हाऊ दे, मागनं धुवायला लागंल तुमास्नी," आणि उंबऱ्यावरच टेकत. मीही दुसऱ्यांदा आग्रह करत नसे, हेही लिहून ठेवतो.

आमचा अंक मात्र ते शेवटच्या पानापर्यंत वाचत. एकदा म्हणाले, "तुमच्या कथेतली माणसं जेवत्यात लई, पर परसाकडं कुणीच जात न्हाई. पोटं फुगत न्हाईत व्हय त्यांची?"

आम्ही पोट धरून हसलो. आम्ही मरणावर लिहीत होतो, विरहावर, फार तर क्षयावर. तेवढे दुःख आम्हाला सोसत असे, कारण त्याला वास नसे.

मग त्यांनी आपल्या हाताखालच्या एका बाईची कथा आणली. पावसात तिच्या डोक्यावरची टोपली गळते. ओघळ गालावरून ओठांपर्यंत येतो. दोन्ही हात टोपलीला असल्यामुळे तिला तो पुसता येत नाही. ओठ घट्ट मिटून ती तीन बोळ चालते. वाचून मला ओकारी आली.

"तिला वाचून दावलीया," मुकादम म्हणाले. "ती म्हनली, छापा. ज्यांच्या घरचं हाय त्यांना कळू दे. मी शब्द दिलाय तिला, मास्तर."

"अक्षर न् अक्षर छापू," मी म्हणालो.

आणि केले काय? बाईच्या डोक्यावर सरपणाची मोळी दिली. ओघळ पावसाच्या पाण्याचा केला आणि त्यात दोन आसवे मिसळली. बाकी कथा तशीच, खाली नाव त्यांचे. त्यांना विचारले नाही. कौतुकाची पत्रे आली. एका प्राध्यापकांनी तर कळवले, 'किती हळुवार!' आज ते पान उघडले की मूळ कथेने आली नव्हती एवढी किळस येते मला, त्या दोन आसवांची.

अंक हातात घेऊन मुकादम आले.

"तिला वाचून दावली. म्हनली, ही कोन वो मुकादम? मी लाकडं कवा वाहिली?"

"अरे, दिवाळीचा अंक आहे. लोक फराळ करता करता वाचतात."

"व्हय. फराळ तर झालाच पायजे." त्यांनी अंक उंबऱ्यावर ठेवला. "मला न्हाई जमायचं तिला सांगायला. तुमच्याच बोळातली हाय ती. सकाळी सातला तुमच्या मागच्या दारात असती. तुमीच सांगा."

चार वर्षे ती माझ्या घरी येत होती आणि मी तिचे तोंड पाहिले नव्हते.

मुकादम पुन्हा आमच्याकडे आले नाहीत. काही लिहिल्याचेही ऐकले नाही. नोकरी संपल्यावर नेसरीकडे गावी गेले आणि तिथेच वारले, असे उशिरा समजले. त्यांच्या हातची ती कथा मी छापखान्यातून परत मागवलीच नव्हती. ती रद्दीत गेली.

मात्र मुकादम अंक घेऊन आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या दाराशी गेलो होतो. बाहेर पत्रा खरवडल्याचा आवाज आला. टोपली डोक्यावर घेताना ती कण्हली. मी एका हाताने धोतराचा सोगा नाकावर दाबला, दुसरा कडीवर ठेवला, आणि तिची पावले बोळाच्या टोकाला विरेपर्यंत तसाच उभा राहिलो.