माजाँगच्या टेबलावरची चौथी खुर्ची

मार्कहॅमला आम्ही दोघं मित्र ज्या बेसमेंटमध्ये राहायचो, त्या घराच्या मालकीणबाई हाँगकाँगच्या. वय सत्तरीच्या पुढचं, इंग्रजी कामापुरतं. आम्ही त्यांना आंटी म्हणायचो. त्यांची आणि माझी दोस्ती पिक्चरवरून जमली. आंटींकडे कॅन्टोनीज जुगारी मारधाडीच्या डीव्हीडींचा खोकाच होता. पांढऱ्या सुटातला हिरो पत्ता फेकतो, तो समोरच्याच्या सिगारेटचे दोन तुकडे करून भिंतीत रुततो. मग टेबलावर उडी, वीसेक गुंडांची धुलाई, आणि कपाळावरची बट सारखी करून हिरो शेवटचा डाव उलटतो. खाली इंग्रजी अक्षरं पळायची, पण ती वाचायची गरजच पडत नव्हती.

दर रविवारी दुपारी वर माजाँगचा अड्डा बसायचा. माजाँग म्हणजे पत्त्यांऐवजी सोंगट्यांनी खेळायची रमीच समजा. फक्त तिला चार माणसं लागतात. २०१७च्या हिवाळ्यात चौथी मैत्रीण मुलीकडे कायमची व्हँकुव्हरला गेली आणि अड्डा बंद पडला. आंटी तीन रविवार खिडकीशी बसून बर्फ बघत होत्या. मला राहवेना. म्हटलं, "आंटी, मला येतं."

येत काहीच नव्हतं. पिक्चर तेवढे बघितले होते.

"भावा, पिक्चर बघून कोण पोहायला शिकलंय का?" माझा कोल्हापूरचा रूममेट म्हणाला.

"रमी येते ना मला."

"रमीत तू गेल्या दिवाळीला जोकर टाकून दिलावतास."

मी दुर्लक्ष केलं. पिक्चरमधला हिरो सोंगटी न बघता नुसत्या अंगठ्याने ओळखतो. मी आंटींकडून एक सोंगटी मागून घेतली आणि आठवडाभर बसमध्ये, जॅकेटच्या खिशात हात घालून, डोळे मिटून चोळत बसलो. शेजारची बाई उठून लांब जाऊन बसली. माझा अंदाज मात्र दर वेळी बरोबर यायचा, कारण सोंगटी एकच होती.

रविवारी टेबलावर आंटी, त्यांची धाकटी बहीण आणि जाड चष्म्याची एक शेजारीण. बहिणीने आधीच बजावलं होतं: आजचा दिवस बघू, नाही जमलं तर टेबल कुणाला तरी देऊन टाकू. मला येतं म्हटलं होतं, तरी आंटींनी मला नियम सांगितले. तीन-तीनचे चार गट आणि एक जोडी.

नवख्याचं नशीब म्हणतात तसं झालं. तिसऱ्याच डावाला माझे चारही गट लागले, जोडीला एकच सोंगटी हवी होती. मी उचलली, डोळे मिटले, अंगठा फिरवला. काही कळलं नाही. हळूच एक डोळा उघडला. तीच.

मग रमी आणि सिनेमा एकदमच अंगात आले. रमीत डाव लागला की शेवटचा पत्ता आपटून शो करायचा, हे लहानपणापासून हाताला बसलेलं. मी ताडकन उठलो, स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि "हायऽऽ" करत सोंगटी टेबलाच्या मधोमध आपटली. चहाचा कप आडवा.

माजाँगमध्ये जिंकलेली सोंगटी आपल्यापुढेच ठेवतात. मध्ये गेली म्हणजे तुम्ही टाकून दिली. शेजारणीने ती दोन बोटांनी शांतपणे उचलली आणि आपला डाव मांडला. तिलाही तीच हवी होती.

मी बिचाऱ्यासारखा माझ्या सोंगट्या उलट्या करून दाखवल्या. आंटींनी त्या बघितल्या, मग बहिणीकडे बघितलं. माझं हसं झालं ते झालंच, पण आंटींचे रविवारही गेले.

बहीण तोंडावर हात धरून हसायला लागली, ती डोळे पुसेपर्यंत. मग तिघींचं कॅन्टोनीजमध्ये बराच वेळ काहीतरी चाललं.

"ती म्हणते," आंटी म्हणाल्या, "इतकी वर्षं खेळतेय, पण स्वतःचा जिंकलेला डाव फेकणारा माणूस पहिल्यांदाच बघितला."

"म्हणजे मी येऊ नको?"

"असा माणूस सोडायचा कसा? पुढच्या रविवारी एक वाजता. बसून खेळायचं."

त्यांनी माझ्या हातात फडकं दिलं. मी चहा पुसतोय तोवर तिघी सोंगट्या पालथ्या घालून घोळायलाही लागल्या होत्या, आणि शेजारणीने माझी खुर्ची पायानेच टेबलाजवळ ओढली.