पंक्याच्या गाडीची गोधडी

काही दोस्त असे असतात की त्यांचा एक किस्सा सांगायला घ्यावा तर मागून पाच येतात. बोनेटखालच्या वायरींसारखं! एक ओढली की झुबकाच हातात. आमच्या पंक्याचं तसंच आहे. परवा एका लग्नात मी त्याचा एकच किस्सा सांगायला बसलो, तर आमच्या टेबलावरचा मठ्ठा गरम झाला. म्हणून म्हटलं, एकदाचं सगळं ओळीनं सांगून टाकू. पंक्याला राग आला तर येऊ दे. टॉर्च मी धरला होता, बोलायचा हक्क माझा!

तर आमचं मंडळ तिघांचं. पंक्या चितेगावला एका कंपनीत क्वालिटीत आहे. सलीमच्या घरचं गुलमंडीच्या मागच्या गल्लीत सीट कव्हरचं दुकान. आणि तिसरा मी. गाडीतलं काही कळत नाही, म्हणून मला कायम टॉर्च धरायची ड्युटी. दर रविवारी सकाळी गारखेड्यात पंक्याच्या वडलांच्या गिरणीसमोर, लिंबाखाली आमचा अड्डा. वडलांना सगळी कॉलनी अण्णा म्हणते. पिठाची गिरणी चालवतात. डोक्याला, भुवयांना कायम पीठ.

गाडी अण्णांची. जुनी, डिझेलची. पंक्या तिच्यावरच शिकला. तिला रोग एकच: एसी लावून चढ चढत नाय. दौलताबादचा घाट आला की एसी बंद, काचा खाली, आणि आतल्या सगळ्यांनी पुढं वाकून बसायचं. जसं काय आपण वाकलो की गाडी हलकी होते!

मग एक दिवस अण्णांनी निकालच लावला. "मे महिन्यात तुझ्या आईला वेरूळला न्यायचंय. घाटात एसी बंद करावा लागला, तर गाडी जालन्याच्या जावयाला देऊन टाकतो. ते लई दिवसांपासून मागायलेत."

आता जालन्याचे जिजाजी म्हणजे गुटखा खाऊन चालत्या गाडीतून थुंकणारा माणूस. आणि कधीकधी काच खाली करायचं विसरणारा! पंक्याचं तोंड पिठासारखं पांढरं पडलं.

* * *

आठवडाभर पंक्यानं व्हिडिओ बघितले. रविवारी आला तो डॉक्टर होऊनच.

"सगळा प्रॉब्लेम हवेचा आहे," म्हणाला. "इंजिनात हवा ज्या पाइपातून जाते, तो पाइप तापतो. गरम हवा पातळ. पातळ हवेत इंजिनला ताकद नाय. पाइपाला हीट शील्ड गुंडाळलं की हवा गार, गाडी सुसाट!"

"तो पाइप किती तापतो?" मी विचारलं. चूक झाली.

पंक्या पळत घरात गेला आणि आईचा तापाचा थर्मामीटर घेऊन आला. पाइपाला लावला. आम्ही तिघं श्वास रोखून. थर्मामीटर बीप-बीप करून जो मेला, तो मेलाच!

आई दारात येऊन म्हणाल्या, "आता ताप आला की मी काय तुझ्या गाडीच्या पाइपाला हात लावून बघू?"

गिरणीतून अण्णांनी फक्त डोकं बाहेर काढलं. "पोरांनो, हवा जिथून आत जाती, तिथली पिशवी झटकली का?"

पिठाच्या गिरणीला एक कापडी पिशवी असते. हवा तिच्यातून निघते, पीठ आत राहतं. ती रोज झटकली नाय की गिरणी रडायला लागते. अण्णांना जगातल्या सगळ्या आजारांवर तेवढं एकच औषध माहीत.

"अण्णा, ही गाडी आहे, गिरणी नाय!" पंक्या म्हणाला. आम्ही लई हसलो.

ते हसणं लक्षात ठेवा.

* * *

ऑनलाइन मागवलेलं हीट शील्डचं सोनेरी कापड यायला वेळ होता. पंक्याला कुठला धीर! त्यानं आईंचा पोळ्या गुंडाळायचा फॉइलचा अख्खा रोल उचलून पाइपाला गुंडाळला. गाडी स्टार्ट केली. व्हायब्रेशननं फॉइल असं वाजायला लागलं की वाटावं आत कुणी चिवड्याचं पाकीट फोडतंय.

पण खरी मजा पुढं. घरात पोळ्यांना फॉइल उरलं नव्हतं, आणि तेवढ्यात सोनेरी कापड आलं. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या कँटीनमध्ये पंक्यानं पिशवी उघडली, तर डबा त्याच सोनेरी कापडात गच्च बांधलेला! मॅनेजर शेजारी.

"पंकज, हे काय आहे?"

"हीट शील्ड, सर."

डबा उघडला तर पोळीतून वाफ! दुपारी एक वाजता! दुसऱ्या दिवसापासून कँटीनमधले चार जण त्याच्या मागं, "आमच्या डब्याला पण तुकडा दे ना भाऊ."

गाडीचं विचारणारा एकही नाय!

* * *

आता हे कापड आतून काचेच्या धाग्याचं असतं. पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, हातमोजे घाला. पण पंक्या क्वालिटीतला माणूस. सूचना दुसऱ्यांसाठी असतात! बनियनवर मांडी घालून बसला, आणि मांडीवरच कापड ठेवून ब्लेडनं कापलं.

सोमवारी त्याच्या कंपनीत ऑडिट. बाहेरून आलेला ऑडिटर एकेक कागद बघतोय आणि समोर पंक्या खाजवतोय. मान खाजवतोय, पोट खाजवतोय, मधेच उठून दाराच्या चौकटीला पाठ घासून येतोय, अगदी म्हशीवाणी. ऑडिटरनं पेन खाली ठेवला.

"मिस्टर पंकज, तुम्ही काही लपवताय का?"

त्या ऑडिटला पंक्याच्या डिपार्टमेंटचे जुन्यातले जुने कागद बाहेर निघाले. साहेब अजून त्याच्याशी नीट बोलत नाय.

* * *

मग काम सलीमकडं गेलं. सलीम म्हणजे कारागीर. त्याच्या अब्बांनी त्याला एकच शिकवलंय, दिसो न दिसो, टाका सरळ पाहिजे. तो टेप घेऊन बोनेटखाली वाकला आणि शेरवानी शिवायची असल्यासारखं पाइपाचं माप घ्यायला लागला.

चार दिवसांनी पाइपाचं कव्हर शिवून घेऊन आला. बाहेरून सोनेरी कापड, त्यावर डायमंड शिलाई, कडेला लाल पायपिंग, आणि खाज सुटू नये म्हणून आतून जुन्या सीट कव्हरचं जाड सुती अस्तर. पाइपाला मधे जोड असतो म्हणून दोन सारख्या नळ्या. पाइप जिथून निघतो त्या काळ्या डब्यासाठी एक वेगळी खोळ. बंद करायला सगळीकडं वेल्क्रो!

"सलीम, बोनेट के अंदर कौन देखनेवाला है रे?" मी विचारलं.

"ऊपरवाला देखेंगा," तो म्हणाला. "और बंद पडी तो अण्णा देखेंगे. दोनों के सामने इज्जत जानेकू नक्को."

आई बाहेर आल्या, शिलाईवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "अगं बाई, गाडीला गोधडी!"

झालं. तेव्हापासून तेच नाव. आणि दोन दिवसांत गल्लीतल्या मांजरीनं डब्यावरच्या खोळीत संसार मांडला. पंक्या रोज सकाळी हॉर्न वाजवायचा, बोनेट उघडायचा, मांजरीला "मॅडम, उतरा" म्हणायचा, आणि मग ऑफिसला जायचा.

* * *

गोधडी बसली. आता पंक्यातला क्वालिटीवाला जागा झाला. कंपनीत असते तशी चेकशीट बनवली! चौदा रकाने. तापमान मोजायची ती बंदूक मागवली. 'आधी' आणि 'नंतर' असे आकडे घेतले आणि रंगीत ग्राफ काढून ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "सायन्स!"

खरंच, फरक डोळे दिपवणारा होता. पाइप एकदम गार. मी तर अंगठे दाखवून मोकळा झालो. त्याच सकाळी, रविवारच्या अड्ड्यावर, सलीमनं चहा पिता पिता सहज विचारलं,

"भाई, ये 'आधी'वाला कब लिया था?"

"मागच्या रविवारी. गोधडी काढून, दुपारी दोनला, बीड बायपासवरून आल्या आल्या."

"और 'नंतर'वाला?"

"आज सकाळी सहाला. फ्रेश डोक्यानं."

"गाडी चालू करके?"

पंक्या पुन्हा ग्राफ बघायला लागला. सलीमनं शांतपणे चहाचा ग्लास बोनेटवर ठेवला.

"रातभर तो मेरी स्कूटी भी गार हो जाती रे. बिना गोधडी की!"

अण्णांनी गिरणीतून पुन्हा डोकं काढलं. "पिशवी झटकली का?"

"अण्णा, प्लीज!"

* * *

मग उजाडला वेरूळचा दिवस. पुढं पंक्या आणि अण्णा, मागं आई, सलीम आणि मी. ऊन असं की डॅशबोर्डवर पापड भाजावा. अण्णा सुरुवातीलाच बोलले, "एसी चालूच राहील. बटणाला कुणी हात लावायचा नाय."

दौलताबादच्या किल्ल्यापर्यंत पंक्या शीळ वाजवत होता. घाट सुरू झाला, शीळ बंद. पहिल्या वळणावर भुशाची पोती भरलेला टेम्पो पुढं गेला. दुसऱ्या वळणावर स्कूटरवरचे आजी-आजोबा पुढं गेले. आजींनी वळून आमच्याकडं असं बघितलं, जसं काय गाडीत कुणी आजारी आहे. आम्ही मागं आपोआप पुढं वाकलो. सलीम हळूच दुआ पुटपुटायला लागला.

"अण्णा, फक्त दोन मिनिटं एसी..."

"जावयाला फोन लावू?"

गाडीनं एक मोठी धाप टाकली आणि मेली. अगदी त्या थर्मामीटरवाणी.

अण्णा उतरले. बोनेट उघडलं. सोनं चमकलं! अण्णांनी एकेक वेल्क्रो चर्रर्र करून सोडली. खोळीखाली तो काळा डबा.

"यात काय असतं?"

"एअर फिल्टर," पंक्या म्हणाला.

"शेवटचा कधी उघडला होता?"

पंक्यानं माझ्याकडं बघितलं. मी सलीमकडं बघितलं. चौदा रकान्यांत हा रकाना नव्हता! उलट, डबा तीन वेल्क्रोंनी इतका गच्च बांधला होता की उघडायची सोयच ठेवली नव्हती.

अण्णांनी क्लिपा काढल्या. आत फिल्टर होता असं म्हणतात. दिसत होतं ते लिंबाचा पाला, लिंबोळ्या, मांजरीचे केस, आणि घट्ट थापलेलं पीठ! वर्षानुवर्षं गिरणीच्या दारात उभी राहून गाडीनं अख्ख्या कॉलनीचं दळण ओढलं होतं.

अण्णांनी फिल्टर रस्त्याकडच्या दगडावर आपटला. एकदा, दोनदा, तीनदा. असा पांढरा ढग उठला की मागून येणारी जीप थांबली.

"ही," अण्णा खोकत म्हणाले, "पिशवी."

कुणीही हसलं नाय.

"आता गाडी खाली घे. घाट पहिल्यापासून. एसी चालू."

गोधडी मागं डिक्कीत पडली आणि गाडी तिसऱ्या गिअरवर घाट चढली. पंक्यानं विचारलं, "मग गाडी राहिली ना, अण्णा?"

"चढली खरी," अण्णा म्हणाले. "पण तुझ्यामुळं नाय चढली. दर्शन होऊ दे, मग सांगतो."

* * *

वेरूळला मंदिराबाहेर ही रांग! चपला स्टँडवर, आणि खाली फरशी तव्यासारखी. लोक एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचतायत. आईंनी एक पाऊल टाकलं आणि मागं घेतलं. "मी नाय येत बाई. इथूनच हात जोडते."

पंक्या डिक्कीकडं पळाला. त्या दोन सारख्या नळ्या घेऊन आला. आईंच्या पायाशी बसला, तळव्याखालून दुमडून गुंडाळल्या आणि वेल्क्रो लावली. चप्प!

आईंनी आधी सलीमकडं बघितलं. "चामडं नाय ना रे यात?"

"नई चाची, कायका चामडा! सब कपडा है. अंदर से सुती."

"मग चालतंय."

आणि आई निघाल्या. सोनेरी पाय, लाल पायपिंग, डायमंड शिलाई. सगळी रांग नाचतेय आणि मधे या राणीसारख्या उभ्या! सलीम आणि मी चपलांच्या स्टँडपाशी सावलीत बसून बघत होतो. पुढची बाई वळली, खाली बघत राहिली.

"कुठून घेतले हो ताई?"

आईंनी मान ताठ केली. "पोरानं केलेत. कंपनीत आहे तो. क्वालिटीत."

आईंच्या मागं अण्णा. उजव्या पायावर, डाव्या पायावर, उजव्या पायावर. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. जालना.

"हां जावईबापू... नाय, नाय. गाडी आता नाय द्यायची... नाय ओ, पोराला लागती." फोन खिशात टाकला, रांग सोडली, आणि फरशीवरून उड्या मारत मारत अण्णा आमच्या सावलीत आले. भुवयांवर अजून पीठ. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि हळू आवाजात म्हणाले,

"सलीम, ती डब्याची खोळ उरलीय ना? माप घे माझं."