अप्पांनी निवडलेला कूलर

आमच्या अप्पांनी आयुष्यात एकही वाईट जनावर विकत घेतलं नाही. हे मी म्हणत नाही, अप्पा म्हणायचे. आळंदच्या बाजारातून आणलेली शेळी एका डोळ्याने आंधळी निघाली तेव्हा ते म्हणाले, "दोन डोळ्यांची शेळी चार वाटंनं जाती. ही सरळ चालती." एकदा आणलेला एडका मेंढ्यांकडे ढुंकूनही बघेना. त्यावर ते म्हणाले, "गरीब गुणाचा हाय." चूक बाजाराची असे, पावसाची असे, विकणाऱ्याच्या सात पिढ्यांची असे. अप्पांची नसे.

आमचं घर धनगराचं. पण मी मोठी होईपर्यंत चराईची रानं नांगराखाली गेली, उरलेल्यात प्लॉट पडले आणि कळप कमी कमी होत गेला. दादा पुण्याला कंपनीत लागला. मी गुलबर्ग्याला बी.ए. आणि कॉम्प्युटरचा कोर्स करून परत आले, तेव्हा अप्पांनी उरलेली मेंढरं विकली आणि मला कॉम्प्युटर घेऊन दिला. जवळच कडगंचीला विद्यापीठ येत होतं. रस्त्याकडेला एक पत्र्याची खोली घेऊन मी टायपिंगचं दुकान टाकलं. मराठी, कन्नड, इंग्रजी, हिंदी, येईल ते टाइप करायची. कळपातली शेवटची लोकर अप्पांनी विकली नव्हती. तिची त्यांनी स्वतःसाठी एक काळी घोंगडी विणून घेतली होती.

पहिला हिवाळा बरा गेला. ऊन तापायला लागलं तसा कॉम्प्युटर दुपारी मरायला लागला. सकाळी ठणठणीत, एक-दीडच्या सुमाराला डोळे मिटलेले. एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण असंच गेलं. ती माझ्यासमोर रडली. ती गेल्यावर मी रडले, आणि मग एकटीच कॉम्प्युटरला अशा शिव्या दिल्या की त्या फक्त मेंढरं हाकणाऱ्यांच्या घरातच शिकायला मिळतात.

दादाला हे फोनवर सांगायला नको होतं, पण सांगितलं. तो म्हणाला, "उन्हाळा संपूस्तोर बघ. न्हाई सुधरली तर मशीन विक आन इकडं ये. आमच्या कंपनीत पॅकिंगला पोरी घ्यायलेत." मी रागारागात "बरं" म्हणून बसले. मला पुण्याला जायचं नव्हतं. खोक्यांवर चिकटपट्टी लावायला मी चार भाषांचं टायपिंग शिकले नव्हते. अप्पा दारातच होते. त्यांनी सगळं ऐकलं, पायताण घातलं आणि बाहेर गेले.

गुलबर्ग्याच्या एका दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, प्रोसेसर तापतोय, वरचा कूलर बदला. म्हणजे प्रोसेसरच्या डोक्यावर बसणारा पंखा आणि त्याखालचा पातळ पत्र्यांचा गठ्ठा, ज्यातून उष्णता बाहेर जाते तो. त्याने बजावलं, येताना बोर्डापासून झाकणापर्यंतचं माप आणा, मोठा घेतला तर मावायचा नाही. मी गिऱ्हाईकात होते, म्हणून माप अप्पांनी घेतलं. पट्टी टेबलावरच पडलेली होती. अप्पांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. कॅबिनेटमध्ये हात घालून ते म्हणाले, "वीतभराला दोन बोटं कमी." आणि मी, पदवीधर बाई, ते जसंच्या तसं कागदावर लिहून घेतलं.

"मी येतो संगट," ते म्हणाले. "घ्यायची चीज हातात धरल्याबिगर कळत न्हाई."

दुकानदाराने तीन कूलर काउंटरवर मांडले. पहिला जुन्यासारखाच चपटा. दुसरा मधला, त्याच्या पंख्यात निळा दिवा. तिसरा तांब्याच्या नळ्यांचा, उंच, धिप्पाड. अप्पांनी पहिला तळहातावर घेतला आणि डोळे मिटून वजन बघितलं. "ह्याच्या पोटात कायबी न्हाई." दुसऱ्याचा दिवा दुकानदाराने कौतुकाने लावून दाखवला. अप्पा म्हणाले, "बाजारात सजवून आणलेलं जनावर घेऊ ने. कायतर लपवायचं असतंय." तिसऱ्याच्या पत्र्यांमधून मात्र त्यांनी बोट असं फिरवलं की लोकर बाजूला सारून कातडी बघतायत. एका बाजूने फुंकर मारली, दुसऱ्या बाजूला हात धरला. मग बोर्डाला अडकवायच्या चारी खुंट्या नीट तपासल्या. दात बघायचे राहिले, कारण त्याला दात नव्हते.

दुकानदार भला माणूस होता. म्हणाला, "चाचा, टायपिंग कू इत्ता बडा नक्को. बीच का लेव." मग माझ्याकडे वळला. "बेटी, पुराने का पंखा खोल के साफ करके देखे क्या? कचरा रहता अंदर."

माझ्या अंगाची लाही झाली. मी म्हणाले, "रोज पोछती मैं. हमारे दुकान में कचरा नहीं रहता." रोज पुसत होते हे खरं, पण बाहेरून. अप्पा त्या वेळी छताकडे बघत होते. मला वाटलं, छताचा पंखा बघतायत.

"माप क्या है?" दुकानदाराने विचारलं. मी कागद पुढे केला. त्याने तो दोनदा वाचला. तेव्हा अप्पांनी आपला हात काउंटरवर पसरला आणि दुकानदाराने निमूटपणे टेप लावून ती वीत मोजली. अप्पांना तिसरा कूलर आवडला होता. दुकानात त्यांची वीत घरच्यापेक्षा चांगलीच लांबली. अंगठा आणि करंगळी थरथरत होती, इतका ताण दिला होता. मी बघत होते आणि गप्प होते, कारण तिसरा मलाही आवडला होता.

राहिला भाव. अप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, उजव्या हातावर टाकला आणि हात दुकानदारापुढे केला. जनावरांच्या बाजारात भाव असाच होतो, कापडाखाली, एकमेकांची बोटं दाबून. चारचौघांत आकडा बोलायचा नसतो. दुकानदार त्या हाताकडे बघून म्हणाला, "हात धोना क्या चाचा? नल पीछे है."

कोपऱ्यात त्याचे म्हातारे वडील उर्दू पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर खाली ठेवला, चष्मा काढला, मुलाला बाजूला केलं आणि आपला हात टॉवेलखाली घातला. दोघांचे चेहरे दगडासारखे. टॉवेल मात्र खालून हलत होता. एकदा म्हाताऱ्यांनी हात झटकन मागे घेतला, अप्पा हसले, हात परत आत गेला. शेवटी दोघांनी मान हलवली आणि म्हाताऱ्यांनी आपल्या मुलाच्या कानात भाव सांगितला. मला तो कुणीच सांगितला नाही, अजूनही नाही.

बसमध्ये अप्पांनी खोकं मांडीवर घेतलं होतं. शेजारच्याने "काय हाय?" विचारलं, तर म्हणाले, "पोरीच्या मशीनचं काळीज."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून कूलर बसवला. सोबत मलमासारखी पेस्ट होती. ती प्रोसेसरवर तुरीच्या दाण्याएवढीच लावायची असं दुकानदाराने सांगितलं होतं. "कुठल्या तुरीच्या?" अप्पांनी विचारलं. "आपल्या का करजगीकडच्या?" अख्खा बोर्ड बाहेर काढावा लागला. लोकर कातरताना मेंढी धरतात तसं अप्पांनी कॅबिनेट दोन्ही गुडघ्यांत दाबून धरलं आणि मी स्क्रू पिळले. जुना कूलर निघाला तो मी रागाने तसाच पिशवीत कोंबला, त्याचं तोंडही बघितलं नाही. नवा बसला. मग झाकण लावायला गेले तर ते लागेना. कूलर दोन बोटं बाहेर होता.

मी अप्पांच्या हाताकडे बघितलं. त्यांनी हात पाठीमागे घेतला. "उघडंच असू दे की. वारा लागतंय."

दोन दिवस कॉम्प्युटर असा चालला की मी येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवला. तिसऱ्या दिवशी दुपारी तो बंद पडला. चौथ्या दिवशीही. मी दादाला फोन केला नाही, पण कपाटातली बॅग काढून झटकून ठेवली. अप्पांनी ती बघितली. जेवताना त्यांनी भाकरी अर्धीच खाल्ली.

दुपारी मी जेवायला घरी जात असे, तेव्हा दुकानात अप्पा बसत. त्या दिवशी आई शेतात होती आणि घराची किल्ली मी दुकानातच विसरले. अर्ध्या वाटेवरून परतले. दारातून बघते तर टेबलावर कॉम्प्युटर नाही. त्या जागी एक काळं गाठोडं. अप्पांनी आपली घोंगडी चालू कॅबिनेटवर चारी बाजूंनी घट्ट गुंडाळली होती, टोकं खाली खोचली होती, आणि शेजारी स्टुलावर बसून ते पुठ्ठ्याने त्याच्यावरच्या माशा हाकत होते.

"अप्पा! काय करायलाव?"

"हळू बोल की. आत्ताच गप झालंय बघ."

मी घोंगडी ओढली. पंख्याच्या पात्यांना काळी लोकर गुंडाळलेली. अप्पांनी फुंकर मारून निवडलेल्या त्या पत्र्यांच्या मधे लोकरीचा असा थर बसला होता की दुसरी बारीक घोंगडीच विणली जायलीय. पिशवीतला जुना कूलर उलटा केला. त्याचीही तीच गत.

"कधीपासनं?"

"ऊन वाढल्यापासनं. पत्रा तापतंय वरचा. भर वैशाखात माळावर आमी काय पांघरत व्हतो? घोंगडीच. ऊन आत येत न्हाई बघ तिच्यातनं."

"अप्पा, ह्याचं ऊन पोटातनं येतंय! ते बाहेर कुठनं जावं?"

"मला काय ठावं?"

"मग मी यायच्या आदी काढून कामून ठेवत व्हता?"

"तू वरडशील म्हणून."

आणि मी ओरडलेच. नको तेवढी ओरडले. सत्तरीला आलेल्या माणसाला मी रस्त्यावर ऐकू जाईल असं बोलले, त्याची मला आजही लाज वाटते. माझा श्वास संपल्यावर त्यांनी बंद पडलेलं कॅबिनेट आपल्याकडे ओढलं आणि मेंढीच्या अंगातले गोखरू काढावेत तसं कूलरचा एकेक पत्रा बोटांनी चाचपत लोकर काढायला लागले. काढलेली लोकर त्यांनी खाली टाकली नाही, खिशात ठेवली. मी कीबोर्ड साफ करायचा ब्रश घेऊन त्यांच्याशेजारी बसले. माझा राग कुठं गेला कळलं नाही. आपली मेंढरं विकून घेतलेल्या मशीनला या माणसाने आपलं शेवटचं पांघरूण घातलं होतं, आणि स्वतः तापलेल्या पत्र्याखाली उघडा बसला होता.

कॉम्प्युटर लावला. एक वाजला, दीड वाजला, दोन वाजले, तो चालतच राहिला. जेवायचं दोघांच्याही लक्षात नव्हतं. अप्पा स्टुलावरून पडद्याकडे बघत होते.

"पुण्याला फोन लाव," ते म्हणाले.

मी लावला. दादा पलीकडून "हां, बोल" म्हणाला. अप्पांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"ऐक. पोरगी न्हाई येत तिकडं. मशीन चांगली हाय. चूक माजी व्हती." मोकळ्या हाताने घोंगडी उचलून खांद्यावर टाकली. "झाकण्यात व्हती. घेण्यात न्हाई."